सर्व्हर दोन करा, पण घड्याळ एकच ठेवा!



आजचा विषय थोडा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. कोड लिहिता येत नसेल तरी हा लेख तुमच्यासाठीच आहे. कारण यातली चूक डेव्हलपर करतो आणि ग्राहकाचा फोन मात्र तुम्हाला येतो.

आधी एक खरी घटना सांगतो. २५ डिसेंबर २०२१, नाताळचा दिवस. ब्रिटनमधल्या सँटँडर बँकेतून सुमारे २,००० व्यावसायिक खातेदारांची पेमेंट्स दोनदा गेली. पगार, पुरवठादारांची बिलं, सगळं डबल. एकूण ७५,००० व्यवहार आणि १३ कोटी पौंड! हे जास्तीचे पैसे बँकेच्या स्वतःच्या खिशातून गेले, आणि ते परत मिळवायला इतर बँकांच्या मागे लागावं लागलं. कारण काय सांगितलं? शेड्यूलिंगमधली अडचण. म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप होणाऱ्या कामाच्या व्यवस्थेत गडबड.

एवढ्या मोठ्या बँकेला हे परवडलं. आपल्याला परवडेल का? म्हणून आज समजून घेऊ, की धंदा वाढला, ॲप एकापेक्षा जास्त सर्व्हरवर गेलं, तर ही आपोआप होणारी कामं कशी सांभाळायची.

उदाहरण घेऊ डब्याच्या व्यवसायाचं

समजा तुमची डब्याची सेवा आहे. ६०० ग्राहक, महिन्याचे पैसे आधी भरलेले, एका डब्याचे ९० रुपये. तुमच्या ॲपमध्ये ही चार कामं आपोआप होतात:

- रात्री ९ वाजता प्रत्येकाला मेसेज: "उद्या डबा हवा की सुट्टी?"
- रात्री १२ नंतर शिल्लक रकमेतून ९० रुपये वजा.
- पहाटे ५ वाजता स्वयंपाकघरासाठी यादी: किती पोळ्या, किती भाजी.
- महिन्याच्या १ तारखेला सगळ्यांची बिलं.

या कामांना कोणी बटण दाबत नाही. ठरलेली वेळ झाली की काम सुरू करणारा जो प्रोग्रॅम असतो, तो शेड्यूलर. सर्व्हरच्या दुनियेतला सगळ्यात जुना आणि प्रसिद्ध शेड्यूलर म्हणजे क्रॉन. १९७० च्या दशकापासून तो इमानेइतबारे काम करतोय.

आता तुमचं नाव झालं, ग्राहक वाढले. सकाळी सगळे एकदम ॲप उघडतात आणि ते अडकायला लागतं. डेव्हलपर म्हणतो, "आणखी एक सर्व्हर लावू आणि पुढे लोड बॅलन्सर ठेवू." टोलनाक्यावर उभा असलेला माणूस आठवा. "तुम्ही या लेनमध्ये जा, तुम्ही त्या लेनमध्ये." लोड बॅलन्सर हेच करतो. आलेला ग्राहक एका सर्व्हरकडे, पुढचा दुसऱ्याकडे. गर्दी वाटली जाते. एक सर्व्हर बंद पडला तरी दुसरा चालू राहतो. छान!

मग गडबड कुठे होते?

इथे नीट लक्ष द्या, कारण लेखाचं मर्म इथेच आहे.

लोड बॅलन्सर फक्त बाहेरून येणारं काम वाटतो. ग्राहकाने ॲप उघडलं, ती विनंती एकाच सर्व्हरकडे जाते. पण शेड्यूलरचं काम बाहेरून येतच नाही. ते सर्व्हरच्या आतल्या घड्याळावर सुरू होतं. लोड बॅलन्सरला त्याचा पत्ताही नसतो.

आणि दुसरा सर्व्हर म्हणजे काय? पहिल्याची हुबेहूब प्रत. ॲपची प्रत झाली, तशी आत बसलेल्या घड्याळाचीही प्रत झाली. रात्री १२ वाजता दोन्ही घड्याळं वाजतात. दोन्ही सर्व्हर प्रामाणिकपणे पैसे वजा करतात. ६०० ग्राहकांचे ९० रुपये, म्हणजे ५४,००० रुपये बरोबर गेले आणि आणखी ५४,००० चुकून गेले. पहाटेची यादी दोनदा छापली गेली आणि कोणी ती दोन वेगळ्या याद्या समजलं, तर भाजीही दुप्पट चिरली जाणार.

गंमत म्हणजे दुसरा सर्व्हर नसतानाही हे होऊ शकतं. पायथनमध्ये बनवलेलं ॲप गनिकॉर्नसारख्या प्रोग्रॅमवर चालवतात, तेव्हा एकाच सर्व्हरवर ॲपच्या चार-चार प्रती चालू असू शकतात. शेड्यूलर ॲपच्या आतच सुरू केला असेल, तर चार घड्याळं! आणि असे दोन सर्व्हर असतील तर आठ. टेस्टिंगच्या वेळी डेव्हलपरच्या लॅपटॉपवर एकच प्रत असते, म्हणून तिथे सगळं बरोबर दिसतं. चूक दिसते ती थेट ग्राहकांसमोर.

उलटंही घडतं. काही होस्टिंग सेवा कोणी ॲप वापरत नसेल तर सर्व्हर झोपवतात. मग रात्री १२ वाजता घड्याळ वाजवायला कोणी जागंच नसतं. वर्डप्रेसवर दुकान चालवणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा. वर्डप्रेसचं स्वतःचं शेड्यूलर कोणीतरी साइटवर आल्यावरच हलतं. पहाटे ५ ला कोणी आलं नाही, तर पहाटे ५ चं काम पहिला माणूस येईल तेव्हा होणार. उपाय सोपा आहे. ते अंगभूत शेड्यूलर बंद करून सर्व्हरच्या क्रॉनला ठरावीक वेळाने हाक मारायला सांगायचं. डेव्हलपरसाठी पाच मिनिटांचं काम आहे.

आजींच्या गोळीची गोष्ट

उपाय समजायला घरातलं उदाहरण घेऊ. आजींना रोज सकाळी ८ वाजता बीपीची एक गोळी द्यायची आहे. घरात मुलगा आहे, सूनबाई आहे. दोघांनाही काळजी आहे. मुलाने गोळी दिली आणि तो आंघोळीला गेला. सूनबाई आल्या, त्यांनीही दिली. दोघंही चांगलेच, पण आजींना डबल डोस!

घरात यावर तीन उपाय असतात:

१. जबाबदारी एकाचीच. गोळी फक्त सूनबाई देणार.
२. आधी विचारायचं. "मी देतोय हं!" असं ओरडून सांगायचं, मग दुसरा थांबतो.
३. वारांच्या कप्प्यांची डबी. मंगळवारचा कप्पा रिकामा दिसला की गोळी दिली गेली आहे. कोणीही आलं, कितीही वेळा आलं, तरी दुसरी गोळी मिळणारच नाही.

सॉफ्टवेअरमध्येही हेच तीन उपाय आहेत. एकेक पाहू.

उपाय पहिला: घड्याळ ॲपच्या बाहेर काढा

शेड्यूलर ॲपच्या आत ठेवायचाच नाही. त्याचा वेगळा प्रोग्रॅम करायचा, आणि तो एकाच ठिकाणी चालवायचा. वेब सर्व्हर दोन असोत की दहा, घड्याळ एक. पायथनवाले सेलरी वापरतात. त्यातल्या बीट नावाच्या शेड्यूलरबद्दल तर त्याच्या माहितीपत्रकातच बजावलंय, की एका वेळापत्रकासाठी एकच बीट चालू ठेवा, नाहीतर कामं दुबार होतील.

इथे एक महत्त्वाची पद्धत शिका. घड्याळाने स्वतः काम करायचं नाही, फक्त चिठ्ठी फाडायची. हॉटेलात ऑर्डर घेणारा स्वतः डोसा करत नाही ना? तो चिठ्ठी आत देतो, मग आत एक आचारी असो वा पाच. तसंच रात्री ९ वाजता घड्याळाने ६०० मेसेजच्या ६०० चिठ्ठ्या रांगेत टाकायच्या. त्या उचलून काम करणारे प्रोग्रॅम वेगळे, त्यांना म्हणतात वर्कर. काम वाढलं की वर्कर वाढवा, घड्याळ वाढवू नका. घड्याळ एक, हात कितीही.

रांगेसाठी लगेच वेगळी महागडी यंत्रणा घ्यायला हवी असंही नाही. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ९.५ आवृत्तीपासून अशी सोय आहे, की एका वर्करने हातात घेतलेली चिठ्ठी दुसरा वर्कर सोडून देतो आणि पुढची उचलतो. ६०० ग्राहकांच्या धंद्याला हे भरपूर झालं.

एक शॉर्टकट मात्र टाळा. काहीजण क्रॉनला ॲपचीच एक लिंक उघडायला सांगतात: ही लिंक उघडली की सगळी बिलं बनतील. ही लिंक लोड बॅलन्सरमधून जाते, म्हणून एकाच सर्व्हरवर काम होतं. ऐकायला छान! पण एनजिन्क्स हा लोकप्रिय लोड बॅलन्सर मूळ सेटिंगमध्ये ६० सेकंद उत्तराची वाट पाहतो. बिलं बनायला दोन मिनिटं लागली, तर त्याला वाटतं पहिला सर्व्हर मेला, आणि साधी लिंक असेल तर तीच विनंती तो दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवतो. पहिल्याचं काम चालूच, दुसऱ्याचंही सुरू. ज्या दुबार कामापासून पळालो, तेच पुन्हा समोर!

उपाय दुसरा: कुलूप लावा

घड्याळं दोन ठेवायचीच असतील, म्हणजे एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून, तर काम सुरू करण्याआधी दोघांनी एका सामायिक जागी कुलूप लावायचा प्रयत्न करायचा. ज्याला कुलूप मिळालं तो काम करेल, दुसरा गप्प बसेल. लॅरावेलमध्ये यासाठी 'ऑन वन सर्व्हर' नावाची तयार सोय आहे. जावाच्या स्प्रिंगमध्ये शेडलॉक वापरतात. अट एकच: कुलूप दोन्ही सर्व्हरना दिसेल अशा जागी हवं, म्हणजे सामायिक डेटाबेस किंवा रेडिसमध्ये. प्रत्येकाने आपापल्या घरात कुलूप लावलं तर उपयोग शून्य.

कुलपात दोन खड्डे आहेत, डेव्हलपरला नक्की विचारा.

पहिला: कुलूप लावलेला सर्व्हर मध्येच बंद पडला तर? कुलूप कायमचं लागून राहील. म्हणून कुलपाला मुदत देतात. पण मुदत ५ मिनिटं आणि काम ७ मिनिटांचं असेल, तर पाचव्या मिनिटाला कुलूप आपोआप उघडतं आणि दुसऱ्याला रस्ता मोकळा होतो.

दुसरा: कुलूप फार लवकर उघडलं तर? समजा दुसऱ्या सर्व्हरचं घड्याळ १० सेकंद मागे आहे. पहिल्याने काम २ सेकंदांत संपवून कुलूप काढलं. दहाव्या सेकंदाला दुसरा आला, कुलूप मोकळं दिसलं, लागला कामाला! म्हणून काम लवकर संपलं तरी कुलूप काही काळ लावून ठेवायचं असतं. शेडलॉकमध्ये त्यासाठी खास सेटिंग आहे.

उपाय तिसरा: वारांची डबी

पहिले दोन उपाय चांगले, पण शंभर टक्के खात्री त्यातून मिळत नाही. सर्व्हर मध्येच बंद पडतो, नेट तुटतं, कोणीतरी चुकून बटण दोनदा दाबतं. मोठमोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर चालणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीचं माहितीपत्रकही मोकळेपणाने सांगतं, की क्वचित एखादं ठरलेलं काम दोनदा सुरू होऊ शकतं किंवा एकदाही होणार नाही, म्हणून काम असं लिहा की दोनदा चाललं तरी बिघडू नये.

म्हणजे कसं? डेटाबेसमध्ये कपातीची एक वही ठेवा. प्रत्येक ओळीत ग्राहक क्रमांक, तारीख, आणि दुपारचा डबा की रात्रीचा. आणि डेटाबेसला नियम घाला: या तिन्हींची जोडी पुन्हा आली तर घ्यायची नाही. ही नोंद आणि ९० रुपयांची वजाबाकी एकत्रच व्हायला हवी. झाल्या तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. आता रात्री १२ ला दोन काय, आठ घड्याळं वाजू द्या. पहिलं नोंद करेल, बाकी सात जणांना डेटाबेस दारातूनच परत पाठवेल. डेव्हलपर याला युनिक इंडेक्स म्हणतो. फुकट आहे, आणि माझ्या मते तीन उपायांत सगळ्यात मोलाचा आहे.

बाहेरच्या सेवेकडून पैसे कापताना प्रत्येक व्यवहाराला आपला ठरलेला नंबर द्या, उदाहरणार्थ ग्राहक क्रमांक आणि महिना मिळून. "हा नंबर पुन्हा आला तर दुबार धरा," अशी सोय तुमच्या पेमेंट गेटवेमध्ये कशी आहे, ते डेव्हलपरला तपासायला सांगा. प्रत्येक प्रयत्नाला नवा नंबर दिला, तर गेटवेला वाटणार की हे नवीनच पेमेंट आहे.

मेसेजचं थोडं वेगळं आहे. गेलेला मेसेज परत घेता येत नाही. तिथे तुम्हाला निवड करावी लागते: चुकून एखादा राहिला तर चालेल, की दोनदा गेला तर चालेल? डब्याची आठवण दोनदा गेली तर ग्राहक हसेल. पैसे भरण्याची आठवण दोनदा गेली तर चिडेल. हा निर्णय डेव्हलपरचा नाही, मालकाचा आहे. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ साली आपल्या कामाच्या पद्धतींवर पुस्तक काढलं, त्यात त्यांचं धोरण स्पष्ट आहे: शंका असेल तर काम चुकलेलं बरं, दुबार नको. कारण राहिलेलं काम नंतर करता येतं, झालेलं काम पुसणं अवघड.

साडेपाच तासांचा घोटाळा

क्लाउडवरचे बहुतेक सर्व्हर भारतीय वेळेवर चालत नाहीत, ते जागतिक प्रमाण वेळेवर चालतात. आपण त्यांच्या साडेपाच तास पुढे. डेव्हलपरने सर्व्हरला नुसतं "रात्री ९" सांगितलं, तर ग्राहकाच्या मोबाइलवर मेसेज वाजणार रात्री अडीचला! पहाटे ५ ची यादी येणार सकाळी साडेदहाला, तोवर डबे निघायची वेळ झालेली.

याहून छुपी चूक तारखेची. आपल्याकडे १ तारखेचे पहाटेचे २ वाजलेले असतात, तेव्हा सर्व्हरच्या कॅलेंडरवर अजून आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस असतो. बिलावर महिना चुकतो. आणि वारांची डबीही चुकीच्या वाराची उघडते. म्हणून वेळ आणि तारीख दोन्ही भारतीय वेळेनुसार धरायला सांगा, आणि सगळ्या सर्व्हरवर सारखीच.

काम झालंच नाही, तर कळणार कसं?

दुबार कामाची बोंब ग्राहक लगेच मारतो. पण न झालेलं काम गुपचूप राहतं. २०१२ च्या जूनमध्ये ब्रिटनच्या आरबीएस बँक समूहात रात्रीची कामं चालवणारं शेड्यूलर सॉफ्टवेअर बदलताना बिघडलं. ६५ लाखांहून जास्त ग्राहकांना फटका बसला, आणि २०१४ मध्ये नियामकांनी ५.६ कोटी पौंडांचा दंड केला.

आपल्याकडेही बघा. ग्राहकाच्या खात्यातून दरमहा आपोआप पैसे घेणार असाल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते. ती सूचना सुरू करणारं काम तुमच्या बाजूला असेल आणि तेच चुकलं, तर त्या दिवशीची वसुलीही लांबणार.

उपाय सोपा: प्रत्येक काम पूर्ण झाल्यावर एक हजेरी लावू द्या. ठरलेल्या वेळेत हजेरी आली नाही, तर तुमच्या मोबाइलवर सूचना यावी. लक्षात घ्या, हजेरी तपासणारा वेगळ्या जागी हवा. घड्याळच बंद पडलं तर ते स्वतः कसं सांगणार? सुरुवातीला एवढंही नको असेल, तर रोज सकाळी एक ओळ मोबाइलवर मागवा: "काल ६०० पैकी ५८२ कपाती, १८ सुट्टी." ज्या दिवशी ही ओळ येणार नाही किंवा आकडा विचित्र दिसेल, त्या दिवशी चौकशी करा.

तुमच्यासाठी काय योग्य?

- आत्ताच सुरुवात आहे, एकच सर्व्हर आहे: लोड बॅलन्सरच्या मागे धावू नका. क्रॉन आणि वारांची डबी, बास. डबी मात्र पहिल्या दिवसापासून हवी.
- एक सर्व्हर पुरेनासा झालाय: दुसरा लावण्याच्या आधी घड्याळ ॲपच्या बाहेर काढा. नंतर नाही.
- गर्दीप्रमाणे सर्व्हर आपोआप वाढतात-कमी होतात: घड्याळ वेगळं, रांग वेगळी, हजेरी सक्तीची. नवा सर्व्हर संध्याकाळी जन्मला आणि सोबत घड्याळ घेऊन आला, असं व्हायला नको.

डेव्हलपरला विचारायचे पाच प्रश्न

हे कागदावर उतरवा आणि पुढच्या भेटीत विचारा:

१. आपोआप होणाऱ्या कामांची यादी द्याल का? कोणतं काम, किती वाजता, कुठे चालतं?
२. उद्या दुसरा सर्व्हर लावला, तर यातलं कोणतं काम दोनदा होईल?
३. पैशांचं काम मी आत्ता माझ्यासमोर मुद्दाम दोनदा चालवायला सांगितलं, तर काय होईल?
४. काम अर्ध्यात थांबलं, ६०० पैकी ३०० झाले, तर पुन्हा सुरू केल्यावर कुठून सुरू होईल?
५. काम झालं नाही, तर मला आधी कळेल की ग्राहकाला?

तिसरा प्रश्न फक्त विचारू नका, टेस्टच्या खात्यावर करून दाखवायला सांगा. शिल्लक ९० नेच कमी झाली तर पास. १८० ने कमी झाली, तर दुसरा सर्व्हर लावायचा विचार तूर्तास बाजूला ठेवा आणि आधी हे दुरुस्त करून घ्या.

मित्रांनो, डबा एक दिवस थंड आला तर ग्राहक समजून घेतो. पण न खाल्लेल्या डब्याचे पैसे कापले गेले, तर तो तुमच्या प्रत्येक हिशोबाकडे संशयाने बघायला लागतो. म्हणून आजच यादीचं काम हातात घ्या. बहुतेकांना एका पानात मावेल एवढीच ती निघेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर शिकत राहा, धंदा वाढवत राहा!